कोणती नशा सर्वांत वाईट? आधी सांगा, कोणासाठी

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘तरुण पिढीसाठी सर्वांत घातक अमली पदार्थ कोणता?’ तीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो म्हणून मला परीक्षकांत बसवलं होतं. काही मुलं एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पुडीवर, तुटून पडली, काही दारूवर, आणि एका मुलानं गांजा ‘निसर्गाची देणगी’ असल्यामुळे त्याला यादीतून वगळावं अशी मागणी केली. टाळ्या भरपूर पडल्या. पण दोन तासांत एकाही वक्त्यानं ‘घातक म्हणजे कोणाला घातक?’ हा प्रश्न विचारला नाही. घेणाऱ्याला, त्याच्या बायकोला, की रस्त्यावरून चाललेल्या तिसऱ्याच माणसाला? एका घोटानं, की वीस वर्षांनी? हे ठरवल्याशिवाय झालेला वाद म्हणजे विहीर खोल की नदी रुंद, यावर भांडण्यासारखं आहे. आणि हे भांडण फक्त मुलांचं नाही. वर्तमानपत्रं, चावडी, ग्रामसभा, सगळीकडे ते असंच चालतं.

माझं मत आधीच सांगतो. आमच्या खान्देशापुरतं बोलायचं, तर सर्वांत जास्त घरं दारूनं मोडली आहेत आणि त्याखालोखाल माणसं तंबाखूनं गिळली आहेत. एमडी आणि गोळ्यांची भीती खरी आहे, पण ती भीती दाखवून आपण समोरच्या जळत्या घराकडे पाठ फिरवतो. त्याच वेळी ‘दारूच सर्वांत घातक’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. धोका बाटलीत किंवा पुडीत भरून येत नाही. किती घेतली, कशी घेतली, कोणत्या वयात घेतली, तिच्यात काय मिसळलं होतं आणि पडल्यावर उचलायला कोणी होतं का, या सगळ्यांतून तो तयार होतो.

दारूच सर्वांत घातक म्हणणाऱ्या मुलांनी ज्या अभ्यासाचा आधार घेतला, तो खरा आहे. ब्रिटनमधले डेव्हिड नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये वीस पदार्थांना सोळा कसोट्यांवर गुण दिले. नऊ कसोट्या घेणाऱ्याच्या नुकसानीच्या, सात इतरांच्या. शंभरपैकी दारूला ७२, हेरॉइनला ५५, क्रॅक कोकेनला ५४, तंबाखूला २६ आणि गांजाला २० गुण मिळाले. हे आकडे फेकले की वाद संपला, असं मुलांना वाटलं. पण त्याच अभ्यासात फक्त घेणाऱ्याच्या नुकसानीचे गुण मोजले, तर हेरॉइन, क्रॅक आणि मेथ (मेथॲम्फेटामिन) दारूच्या वर जातात. दारू पहिली आली ती इतरांच्या नुकसानीमुळे: मारझोड, अपघात, मोडलेले संसार, सरकारी खर्च. शिवाय ते गुण तज्ज्ञांनी एका दिवसाच्या बैठकीत, ब्रिटनची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून दिले होते. कसोट्यांचं वजन बदललं की क्रम हलतो. म्हणून मी त्या यादीला अंतिम निकाल मानत नाही. मला तिची खरी किंमत वेगळीच वाटते: ‘कोणाला?’ हा प्रश्न तिनं नऊ आणि सात असा दोन भागांत मांडून दाखवला. आमच्या स्पर्धेत नेमका तोच राहून गेला.

समोरच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा इथेच येतो. दारूचं नुकसान मोठं दिसतं, कारण पिणारे जास्त. एकेका माणसामागे बघा, मग कळेल कोण घातक. हे मला मान्य आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या एका मोठ्या पाहणीत, एकदा तरी चव घेतलेल्यांपैकी किती जण आहारी गेले हे मोजलं होतं. तंबाखूचे सुमारे ३२ टक्के, हेरॉइनचे २३, कोकेनचे १७, दारूचे १५ आणि गांजाचे ९. म्हणजे दारू प्यायलेले बहुतेक जण तिच्या आहारी जात नाहीत. पण गावाचा विचार करताना माणशी धोका पुरेसा असतो का? नागाचं विष जहाल आहे हे खरं, पण पावसाळ्यात आरोग्य केंद्रातली रांग ठरते ती डासांनी. २०१९ साली आलेल्या सामाजिक न्याय मंत्रालय आणि एम्सच्या देशव्यापी सर्वेक्षणात दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास माणसांना दारूचा त्रास मदत घेण्याइतका होता. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. मला झोपेतून उठवणारा आकडा हा आहे.

आमच्या पट्ट्यात केळी कापणीच्या मजुरांचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. त्या संध्याकाळी माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. काही माणसं सोडा, डोकेदुखीची गोळी आणि पित्ताची गोळी एकदमच घेऊन ठेवतात. अंधार पडल्यावर बायका येतात. पदर पुढे ओढून, आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच विचारतात, “भाऊ, दारू सुटायची ती पावडर शे का? त्याले समजाले नको.” चहात किंवा भाजीत मिसळायची असते. अशी पावडर देऊ नये हे मला ठाऊक आहे, कारण ज्या डायसल्फिराम नावाच्या गोळ्या या कामाला येतात त्या पोटात असताना माणूस दारू प्याला, तर तोंड लालबुंद होतं, उलट्या सुटतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. कधीकधी जीव जातो. ती गोळी पिणाऱ्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. हे मी समजावून सांगतो, बाई मान हलवते, आणि कुठून तरी बिननावाची पुडी आणून शेवटी चहात टाकतेच. तिला दोष कसा देऊ? पावडर नाही म्हटल्यावर दुसरं काय द्यायचं, याचं उत्तर कित्येक वर्षं माझ्याकडेही नव्हतं. आमच्या तालुक्यात दारू कुठे मिळते हे लहान पोरही सांगेल. ती कुठे सोडवतात हे विचारलं, तर मोठी माणसं एकमेकांकडे बघतात.

त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे दारू एकदम सोडणंही जिवावर बेतू शकतं. रोज सकाळपासून पिणारा माणूस शपथ घेऊन बाटली फोडतो, घरात आनंदीआनंद होतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात. मग झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस भिंतीवरचे किडे झटकायला लागतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, ताप चढतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, भगताकडे नेतात, आणि हातातली वेळ तिथेच निघून जाते. हेरॉइन सोडतानाचे हाल भयंकर असतात, पण ते सोडल्यामुळे माणूस सहसा दगावत नाही. दारूच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. करोनाकाळातही दारू मिळेना म्हणून माणसं काय करतात ते दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. ‘घातक’ शब्दाच्या कोणत्या खान्यात हे मृत्यू टाकायचे? ते दारूचे की दारू न मिळण्याचे?

आता कायद्याची ढाल. ‘दारूला परवाना आहे, एमडीवर बंदी आहे, म्हणजे सरकारला काहीतरी कळतच असेल,’ असं एका प्राध्यापकांनीही मला ऐकवलं. कायदा धोक्याच्या मोजपट्टीवर बेतलेला असता तर हे बोलणं बरोबर होतं. आपल्याच मातीतला इतिहास वेगळं सांगतो. सातपुड्यातला भिल्ल आणि पावरा समाज मोहाच्या फुलांची दारू पिढ्यान्‌पिढ्या गाळत आला. देवाला धार सोडायची, लग्न, होळी आणि इंदल नावाचा उत्सव यांत घ्यायची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं ही घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि गाळण्या-विकण्याचा हक्क परवान्यावर आणि मक्त्यावर गेला. दारू तीच, पिणारेही तेच. बदलला तो पैसा कोणाच्या खिशात जाणार हा हिशेब. घरची भट्टी गेली तशी तिच्याभोवतीची वेळ-काळाची बंधनंही सैल झाली आणि उधारीवर पाजणारा दुकानदार आला. आजही राज्याच्या तिजोरीत दारूच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त रुपये येतात. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांज्याचा फुलोरा गुन्हा आहे, त्याच झाडाची पानं त्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांवर गेला. एकाच झाडाच्या दोन फांद्यांना दोन न्याय देणारा कायदा धोक्याचं माप कसा होईल?

यावर गांजावाले खूश होतात, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द. त्यांच्या हातात एक भक्कम पुरावा आहे आणि तो मी नाकारत नाही. ब्रिटिश संसदेत ओरड झाली की गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली आहेत. त्यावर १८९३ साली आयोग बसला. त्यानं हजाराहून अधिक साक्षीदार तपासले, आणि मुख्य म्हणजे इस्पितळांच्या नोंदवह्या उघडून एकेक नोंद पडताळली. पुष्कळ ठिकाणी ‘कारण: गांजा’ असं नीट चौकशी न करताच लिहिलेलं सापडलं. बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात निघाला. सव्वाशे वर्षांपूर्वी लोक नोंदवही उघडून बघत होते, आपण आज फॉरवर्ड आलेला व्हिडिओ पुढे ढकलतो. पण तो आयोग ‘बेताच्या’ सेवनाबद्दल बोलत होता, अतिसेवनाचं नुकसान त्यानंही मान्य केलं होतं. सोळा वर्षांचा पोरगा मेंदू घडत असताना रोज चिलीम ओढतो, तेव्हा त्या अहवालाचा आधार घेणं खोटं आहे. कोवळ्या वयात, रोज आणि तेज गांजा ओढणाऱ्यांत भ्रमाचा आजार जडण्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि ज्याच्या घराण्यात असा आजार आहे त्यानं तर वाऱ्यालाही उभं राहू नये. ‘निसर्गाची देणगी’ हा तर युक्तिवादच नव्हे. धोतराही निसर्गानंच दिला आहे, आणि अफूही. शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात कापूस-मक्याच्या आड लावलेला गांजा पोलीस उपटून जाळतात, तेव्हा अडकतो तो बहुतेकदा वनजमिनीचा तुकडा कसणारा माणूस, माल उचलणारा व्यापारी नव्हे. गांजाच्या नुकसानीत हे तुरुंगातले दिवसही मोजायला हवेत.

एमडी सर्वांत घातक म्हणणाऱ्या मुलांचं मला सर्वांत जास्त पटलं, आणि त्यांनाच मी सर्वांत जास्त खोडणार आहे. त्यांचं म्हणणं असं की दारूचं पाप मोठं म्हणून सांगत बसलात तर पोरांना वाटेल, पुडी त्यापेक्षा बरी. ही भीती रास्त आहे. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं. त्याची धुंदी थोडा वेळ टिकते, म्हणून माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा ओढत राहतो, झोप उडते, हृदयाचे ठोके बिघडतात, संशय डोक्यात घर करतो. पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हे सगळं पोरांना सांगायलाच हवं. पण सांगताना खोटं बोललो तर? शाळेत आपण ठोकून देतो, ‘एकदा घेतली की संपलं.’ पोरगा कुणाला तरी घेताना बघतो, तो दुसऱ्या दिवशी धडधाकट कॉलेजला येतो, आणि त्या क्षणी आपलं बाकीचं खरं बोलणंही त्याच्या लेखी खोटं ठरतं. मग गोळी आणि दारू एकत्र घेऊ नकोस हे सांगितलेलं तो कशाला ऐकेल?

हे एकत्र घेणंच आमच्याकडचं खरं संकट आहे आणि कोणत्याही क्रमवारीत ते दिसत नाही. मालेगाव-धुळे भागात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती मुळात अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेची-घबराटीची गोळी. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक गोळी रात्री घेणाऱ्या म्हातारीला तिच्यामुळे शांत झोप लागते. तीच गोळी पट्टीभर घेऊन वर देशीची क्वार्टर ओतली, तर दोन्ही मिळून श्वास मंद करतात आणि झोपलेला पोरगा सकाळी उठत नाही. माझ्याकडे पोरं मोबाइलवर जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवून गोळ्या मागतात, आजीचं नाव सांगतात. मी चिठ्ठीची तारीख वाचतो, आजीला घेऊन ये म्हणतो, ती निघून जातात. सगळीच दुकानं परत पाठवत नाहीत, हे मला माझ्या धंद्याबद्दल लाजेनं कबूल करायला हवं. आता सांगा, यादीत कुठे बसवाल ही गोळी? आजीच्या उशाशी की पोराच्या खिशात? भुसावळसारख्या जंक्शनवर पंक्चरचं सोल्यूशन फडक्यावर ओतून हुंगणाऱ्या लहानग्यांचंही तसंच. ट्यूब सायकलच्या दुकानात मोकळी मिळते, किंमत किरकोळ, आणि हुंगता हुंगता हृदय अचानक बंद पडू शकतं. २०१९ च्या त्याच सर्वेक्षणात हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं, १.७ टक्के विरुद्ध ०.५८. वादविवादात सोल्यूशनचं नावही निघालं नाही. ती मुलं स्पर्धेच्या सभागृहात येत नाहीत ना.

तंबाखूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे वादच नाही, फक्त सवय आहे. महाराष्ट्रात साधारण चार प्रौढांमागे एक जण तंबाखू घेतो, आणि बहुतेक जण ओढत नाहीत, खातात. देशात तंबाखूनं वर्षाला तेरा लाखांहून जास्त माणसं जातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि सकाळी रस्ता झाडणाऱ्या बाईला विचारा तिच्या केरसुणीखाली काय येतं. मिसरी लावणाऱ्या आमच्या आया-आज्यांना तर कोणी व्यसनी म्हणतच नाही. तोंड उघडेनासं झालं की दाताच्या दुखण्याची गोळी मागायला येतात.

मग बंदी हाच उपाय का? ‘दारू इतकी वाईट आहे ना, मग करा बंद’ असं मला लगेच विचारलं जातं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्याच फलाटाच्या एका टोकाला दारूबंदी आणि दुसऱ्या टोकाला नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून पलीकडे काय जातं, हे सीमेवरच्या कोणालाही विचारा. बंदी असलेल्या गुजरातेत बोटादला जुलै २०२२ मध्ये विषारी दारूनं माणसं गेली. पण बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीतही जून २०१५ मध्ये शंभरावर गेली. गावठीत मिथेनॉल मिसळलं की शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. नुसता कायदा कुठल्याच बाजूनं पुरत नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली. वर्ध्यात ती सत्तरच्या दशकापासून आहे आणि तिथे दारू मिळत नाही असं छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही.

तरीही बंदीवाद्यांना मी वेड्यात काढत नाही, कारण खान्देशात लोकांनी स्वतः दारू थांबवलेली आहे. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी १९३७-३८च्या सुमारास आपल्या लोकांना दारू सोडायला लावली. एकमेकांना ‘आप की जय’ म्हणायचं, अंघोळ-स्वच्छता पाळायची, दारूला शिवायचं नाही. हजारो आदिवासी त्यांच्या मागे गेले. ते १९३८ मध्ये वारले, त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं. १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायका गावोगाव गेल्या आणि दारूची मडकी फोडली. जमीन आणि मजुरीची लढाई चालू होती. संध्याकाळी तीच मजुरी भट्टीवर जात असेल तर लढून हाती काय राहणार, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. या दोन्ही वेळी दारू सोडण्याबरोबर माणसाला काहीतरी मिळालं: मान, जमीन, सोबतीला उभी असलेली माणसं. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ची तरतूद याच वाटेवरची आहे. गावातल्या चौथा हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मला ती मनापासून आवडते, कारण ‘कोणाला घातक?’ या प्रश्नाचं उत्तर ती त्याच बाईला विचारते. पण दुकान बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ज्याला झटके येतील, त्याच्यासाठी गावात खाट आहे का, हे मतदानाआधी कोण बघतं?

एनडीपीएस कायद्यात ६४-अ हे कलम आहे. थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर खटल्यातून सुटका होऊ शकते. पोरगा पकडला गेला म्हणून माझ्या ओळखीच्या एका बापानं शेत गहाण टाकलं. या कलमाबद्दल त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन नंबर १४४४६ आहे. तो मी आता गल्ल्याच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे आणि पावडर मागणाऱ्या बाईला लिहूनही देतो. निकालाआधी परीक्षक म्हणून बोलायला दहा मिनिटं मिळाली होती, ती मी या कलमावर, या नंबरवर आणि दारू एकदम सोडल्यावर काय होतं यावर घालवली. आयोजकांना ते विषय सोडून वाटलं.

बक्षिसं वाटून झाल्यावर, एमडीविरुद्ध तावातावानं बोललेली मुलगी खुर्च्या उचलणाऱ्यांच्या मागे थांबून राहिली होती. बाकीचे गेल्यावर पुढे आली. “काका, ते हात थरथरतात म्हणालात, ते आपोआप थांबतं का?” मी विचारलं, कोणाचे? तिनं उत्तर दिलं नाही. मग विचारलं, कधीपासून सोडली? “परवा सकाळपासून. आईनं देवापुढे शपथ घालायला लावली. रात्रभर ते छतावरून कोणीतरी उतरतंय म्हणत होते.” मी शटर उघडायला गेलोच नाही. एका रिक्षावाल्याला बोलावलं, तिच्या घरी गेलो, आणि आम्ही तिघांनी तिच्या वडिलांना धरून रिक्षात बसवलं. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत दीड तास लागला. त्यांना तिथे सहा दिवस ठेवून घेतलं.